भिंतीतली चूल

१४ नोव्हेंबर १९७१, रविवार. भिंगार.

फुंकणीचा आवाज. आज पहाटे एस.टी.त डोळे मिटून बसलो होतो, तेव्हा कानात तोच घुमत होता. सोनईच्या घरात मालन चुलीपुढं उकिडवी बसायची. फूऽऽ, मग दम, मग पुन्हा फूऽऽ. त्या आवाजाने मला जाग यायची आणि मी अंथरुणातच, आदल्या दिवशी वर्गात शिकवलेली कविता चालीवर म्हणत पडायचो. भाकरीचा वास कवितेत मिसळायचा. मालन, माझी बायको, गेली ती रतनला जन्म देऊन, बाळंतपणातच. पौषातला गारठा होता. वारं लागलं, म्हणाली सुईण. जबडा आवळला, आणि संपलं. तेव्हापासून वारा हा शब्द कवितेत आला की माझ्या अंगावर काटा येतो. मुलं मात्र खुशाल म्हणायची, मंद वारा, शीतल वारा.

असो. आज दिवस आनंदाचा. नगरला उतरलो, टांगा केला, भिंगारला आलो. जावई मच्छिंद्र पलटणीत आहे. त्याने छावणीच्या कडेला एका जुन्या साहेबी बंगल्याचा अर्धा भाग भाड्याने घेतला, रतनला आणलं, आणि घडी बसायच्या आत त्याला सरहद्दीकडे हलवलं. रतनचे दिवस भरत आलेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिचं माहेर म्हणजे मी एकटा. सासू पाथर्डीकडची, दिवाळी सरली की कोयता घेऊन कारखान्यावर. तेव्हा माहेरच गाठोडं बांधून लेकीकडे आलं. टांगेवाल्याने विचारलं, बाळंतपण कराया बाप निघाला व्हय? म्हटलं, हो, मला डिंकाचे लाडू वळता येतात आणि पाळणाही म्हणता येतो. फाटकापर्यंत तो हसत होता. हसू दे.

रतन दारात उभी होती. आईसारखीच, एक हात कमरेवर. मला पाहून म्हणाली, आबा, किती वाळलात.

बंगला छान आहे. उंच छत, जाड भिंती, आवारात कडुनिंब. बंगल्याचा दुसरा अर्धा भाग रिकामाच. आमच्या निजायच्या खोलीत तर भिंतीतच एक चूल आहे! साहेब लोक थंडीत तिच्यापुढे खुर्ची टाकून बसत असणार. इंग्रजी धड्यात अशी चित्रं असायची. मी मुलांना म्हणायचो, बघा, यांच्या भिंतीलाही पोट असतं.

१७ नोव्हेंबर, बुधवार.

पोट आहे, पण बिघडलेलं. काल हौसेने चार लाकडं पेटवली आणि सगळा धूर खोलीत. रतन खोकत अंगणात पळाली. खोली मात्र गारठलेली. या जाड भिंती दिवसा थंडी साठवतात आणि संध्याकाळी परत करतात. बाळंतीण इथेच निजणार. मी ठरवलं, चूल दुरुस्त करायची.

भीमा नावाचा गवंडी आणला. तो चुलीपुढे बसला, आत डोकं घातलं आणि म्हणाला, "निजायच्या खोलीत चूल? सायेब गादीवर लोळत भाकरी थापायचा काय, गुरुजी?" मग कौलांवर चढला. धुराड्यात पारव्यांची घरटी, काड्या, पिसं. त्याने बाभळीची काटेरी फांदी दोराला बांधली, वरून त्याने आणि खालून मी अशी ओढाओढ केली. काजळीचे पापुद्रे पडत होते, जणू जुनी काळ्या शाईची दौतच कुणी उपडी केली. माझं धोतर गेलं कामातून. रतन दारातून पाहत पोट धरून हसत होती. किती दिवसांनी तिला असं हसताना पाहिलं.

२१ नोव्हेंबर, रविवार.

काम झालं. मनासारखं झालं. आतल्या विटा तडकल्या होत्या, त्या बदलल्या, चुन्याचा गिलावा दिला. मग ओला पालापाचोळा खाली पेटवून धुराड्याचं तोंड वरून गोणपाटाने दाबलं, आणि कुठल्या फटीतून धूर येतो ते खडूने खुणा करून बुजवलं. लोहाराकडून बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेची जाळी करून घेतली, आता लाकडाऐवजी दगडी कोळसा जाळता येतो. पुढे शहाबादी फरशी, म्हणजे ठिणगी उडाली तरी सतरंजीवर पडायला नको.

संध्याकाळी पेटवली. धूर सरळ वर गेला, शहाण्या मुलासारखा रांगेत. धुराड्यात हलका आवाज होतो, फूऽऽ असा. रतनने माझ्याकडे पाहिलं. आईचा आवाज तिने कधी ऐकलेला नाही. तरी पाहिलं.

२७ नोव्हेंबर, शनिवार.

मुलगी झाली. नर्सबाईंनी घरीच सोडवलं. दोघी सुखरूप. खणखणीत रडली, कडुनिंबावरचे कावळे उडाले. मच्छिंद्रला कळवलं आहे, पत्र कधी पोचेल देव जाणे. मुलगी म्हटल्यावर शेजारच्या बंगल्यातल्या बाई म्हणाल्या, असू दे, पहिली बेटी. मी म्हटलं, असू दे कशाला, आहेच.

वर्गात भुजंगप्रयात शिकवताना फळ्यावर हात आपोआप चालायचा. आज तसंच झालं:

जुन्या या घराच्या उबेच्या कडेला
नवा श्वास आला, नवा श्वास आला

उरलेल्या ओळी सुचतील तेव्हा सुचतील.

१ डिसेंबर, बुधवार.

पाचवी पुजली. भागूबाई म्हणून एक म्हातारी येते, बाळ-बाळंतिणीला तेल लावायला आणि शेक द्यायला. तोंडाची फटकळ. पाटा-वरवंट्यापुढे हात जोडून मी उभा राहिलो तर म्हणते, पुरुषांचं काय काम हितं, मास्तरानं शाळेत जावं. सांगितलं, शाळेने मला काढून टाकलं, म्हातारा झालो. ती म्हणाली, मग देवाची शाळा हाय की. असली वाक्यं ती सुपारीसारखी तोंडात धरून असते.

भिंतीतल्या चुलीवर ती खूश नाही. ऊब पाठीखालून यावी लागते, म्हणते. बाजेखाली शेगडी हवी. मी म्हटलं, ही साहेबी शेगडी आहे, राहू दे.

४ डिसेंबर, शनिवार.

लढाई जुंपली. काल रात्री रेडिओवर ऐकलं. रतन बाळाला छातीशी धरून भिंतीकडे बघते. मच्छिंद्र कुठे आहे, ते सांगायची पद्धत नसते. छावणीतून गाड्यांची घरघर चालू आहे. आयुष्यभर वीररसाच्या कविता शिकवल्या. मुलं बाकं बडवून म्हणायची. त्यांतली किती आज त्या गाड्यांत असतील? कवितेत रक्त नेहमी कुंकवासारखं असतं. खोटं शिकवलं की काय आपण.

आजपासून अंधार पाळायचा. काचांना काळे कागद चिकटवायचे, दिव्याची तिरीप बाहेर दिसता कामा नये. खळ शिजवली आणि खिडकीला, वरच्या झरोक्याला, दारावरच्या काचेला काळे कागद लावले. खोली पेटीसारखी झाली.

५ डिसेंबर, रविवार.

मोहल्ल्याच्या राखणीवर आप्पासाहेब म्हणून एक निवृत्त हवालदार नेमलेत. मिशा, शिट्टी, काठी. काल रात्री दार ठोठावून म्हणाले, तुमच्या धुराड्यातून ठिणग्या उडतात, विमानाला आमंत्रण देताय काय? मी बाळंतिणीचं सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, तुमची एक लेक आणि एक नात. माझ्याकडं सगळं भिंगार हाय." बरोबरच होतं.

भीमाला बोलावून धुराड्याच्या तोंडावर फरशी बसवली, कडेने सिमेंट. खाली चुलीच्या तोंडात आता कोळशाची शेगडी ठेवायची, लोणारी भाजतो त्या लाकडी कोळशाची. त्याला ज्योत नाही, ठिणगी नाही, आणि धूरच नाही तर धुराडं हवं कशाला? अंगणात नीट फुलवून, धूर पुरता गेल्यावरच आत आणतो. भागूबाईचं समाधान झालं. एक शेगडी चुलीत, एक बाजेखाली.

शिवाय धुराड्यातून उतरणारा गार झोतही थांबला. वारं नाही आता कुठून.

८ डिसेंबर, बुधवार.

खोली ऊबदार. सारखं डोकं मात्र धरतं. लाडवांचं तूप बाधलं असेल. रतनलाही भोवळ आली, म्हणते. भागूबाई म्हणाली, ओली बाळंतीण, नवऱ्याचा घोर, भोवळ न्हाई यायची तर काय. पण रतनचे गाल काय सुरेख लाल झालेत! बाळंतपण अंगी लागलं असं सगळ्या बायका म्हणतात. बाळही गुणाचं झालंय, रडत नाही, नुसतं झोपतं.

आता चुलीत आवाज होत नाही. बंद केल्यावर कसा होईल? तरी पहाटे ऐकला. फूऽऽ. मग दम.

९ डिसेंबर, गुरुवार.

सकाळी उठलो तर खिडकी उघडी. सताड. काळा कागद चौकटीवर उभा फाटलेला. मी काल स्वतः खिट्टी लावली होती. रतन म्हणते, तिने हात लावला नाही, ती बाजेवरून उतरलीसुद्धा नाही. बाळाच्या अंगावर गारवा, आणि ते मोठ्याने रडत होतं. मी धावत जाऊन लावली. मालनच्या वेळीही असाच गारवा होता.

एक चांगलं, आज डोकं हलकं आहे.

१० डिसेंबर, शुक्रवार.

पुन्हा उघडी. खिट्टीला सुतळी बांधली होती. गाठ सुटलेली, तुटलेली नाही. कुणीतरी बसून सोडवल्यासारखी.

भागूबाईला सांगितलं. तिने तेलाची वाटी खाली ठेवली. तिची सासू या बंगल्यात आया होती. तेव्हा इथे एक मडम राहायची, तान्हं बाळ असलेली. अशाच थंडीत एका सकाळी दोघं मेलेली सापडली. आग लागली नव्हती, अंगावर भाजल्याची खूण नव्हती. मडम या खिडकीखाली पडली होती, हात वर खिट्टीकडे. आणि गाल, सासू सांगायची, जित्या माणसाला लाजवतील असे लाल.

मी विचारलं, मग ती आता काय करते? भागूबाई म्हणाली, "तिला जोडीला बाळंतीण पायजे, गुरुजी. खिडकी उघडती, वारं सोडती, आन् वाऱ्यावर न्हेती."

मी शिकलेला माणूस. हसायला हवं होतं.

१२ डिसेंबर, रविवार.

पाहिली.

दिवसा पाहिली, दुपारी. खिडकीशी पाठमोरी. कडेवर काहीतरी. मला वाटलं रतन उठली. हाक मारली. रतनने बाजेवरून ओ दिली.

ती वळली नाही. खिट्टीशी झटत होती. नखं लाकडावर घासल्याचा आवाज. मी ओरडलो तशी नाहीशी झाली. कागद फाटलेला. गार वारा आत. रतन म्हणाली, आबा, राहू दे ना थोडी उघडी, बरं वाटतंय.

बरं वाटतंय म्हणते! तिला भुलवलं आहे. तिच्या तोंडून ती बोलते आहे. लावून टाकली.

१३ डिसेंबर, सोमवार.

बारसं करायचं राहून गेलं. बाप आल्यावर करू. भागूबाईने उंबऱ्यात बिबे बांधले, धुरी वाढवली, ओवा, शेपा, मिरच्या. धूर कोंडला की भूत गुदमरतं, म्हणते. तीही आज उठताना भिंत धरून उठली. दाराबाहेर गेल्यावर तिला बरं वाटलं. म्हणाली, बघा, तिची हद्द आतच हाय. उद्यापासून आत येणार नाही, म्हणाली. तेलाची वाटी नेली.

काल दारातून आत शिरलेली चिमणी सकाळी शेगडीजवळ पडलेली होती. पाय वर करून. रतनला दाखवली नाही.

शेगडी तिसरी आणली. गारठा वाढतो आहे. की माझ्याच अंगात —

१४ डिसेंबर.

भीमाला बोलावलं. खिडकीला खिळे. तो कुरकुरत होता, चौकट चिरेल म्हणाला, बाळंतिणीची खोली हाय का गोदाम, म्हणाला. मी त्याच्यावर ओरडलो. कधी ओरडत नाही मी, वर्गातही नाही. त्याने ठोकले. कडेच्या फटींत कापूस, वर खळ. दाराखाली गोधडीची गुंडाळी.

आता ये म्हणावं.

रतनने जेवण टाकलं. ओकली. झोपते आहे. गाल लाल.

१५ डिसेंबर.

आली. आत आहे. खिडकीला छाती लावून उभी. खिळे उपटत होती. बोटांनी.

रडत होती ती. भुतं रडतात?

मी मध्ये उभा राहिलो. माझी लेक देणार नाही, म्हटलं. एक नेलीस. नाही, ती तू नव्हतीस. कोण होतं मग? डोकं फुटतंय. अक्षरं दोन-दोन दिसतात.

तिने माझ्याकडे तोंड केलं. चेहरा लालबुंद, सुरेख. तिने शेगडीकडे बोट केलं. मग खिडकीकडे. मग पुन्हा शेगडीकडे. मंद मुलाला शिकवावं तसं. पुन्हा. पुन्हा.

मला कळलं नाही.

१६ डिसेंबर.

बाळ दूध ओढत नाही. रतनला हाका मारल्या. हूं म्हणाली. मग हूंही नाही.

दुपार असेल. कागदामुळे कळत नाही. दिवा लावला तर बारीक होत जातो. तेल आहे. तरी.

ती बसली आहे. भिंतीशी. आता झटत नाही. मांडीवरच्या बाळाला थोपटते आणि माझ्याकडे बघते, असं, शाळेत परीक्षा संपल्यावर नापास मुलाकडे आपण —

कळलं.

कळलं मला. वारा नव्हता न्यायला. ती सांगत होती. धुराडं बंद. खिडकी बंद. ऊब नव्हे ती, कोळशाचं विष. मीच भरत होतो शेगड्या, मीच —

उठायला गेलो. पाय नाहीत. आहेत, ऐकत नाहीत. लोटा ओढला. पाणी सतरंजीवर सांडलं, शेगडीपर्यंत पोचलं नाही. खिळ्यांना हात पुरत नाही. हाक मारली. आवाज तोंडातच.

बाहेर फटाके. फटाके? की बाँब. नाही, माणसं ओरडताहेत, जय म्हणताहेत. शिट्टी वाजते, आप्पासाहेबांची, नाचल्यासारखी. लढाई संपली वाटतं. रतन, ऐक, संपली. मच्छिंद्र येईल. रतन.

दारावर थाप.

देवा, कुणी आलं. भागूबाई असेल. आप्पासाहेब पेढे घेऊन. कडी आतून आहे. तोडा म्हणावं, दार तोडा —

पुन्हा थाप. हलकी. मग बोलणं.

"आबा, कडी काढा ना. बाळाला घेऊन कधीची उभी आहे."

मी बाजेकडे पाहिलं. रतन बाजेवर आहे. बाळ तिच्या कुशीत. दोघींचे गाल लाल. पांघरूण हलत नाही. मी बघतो आहे, बघतोच आहे, हलत नाही.

"आबा, सगळीकडे दिवे लागलेत. या ना बघायला. किती मोकळं वाटतंय इथं."

बाळ रडलं. दाराबाहेर. खणखणीत.

भिंतीजवळची बाई उठली. दाराकडे गेली. तीही त्या आवाजाकडे बघते आहे, आणि तिने तोंडावर हात

रतन, थांब पोरी. सरपटत येतो. एवढी वही ठेवतो आणि. गारठ्यात उभी राहू नकोस, बाळाचे कान बांध, मी आलोच, कडी जरा उंच आहे, तू तिथून